भर ओहोटीत मोटर मान टाकते तेव्हा

शिडाच्या बोटीत इंजिनाच्या जागी बसवलेली विजेची मोटर चालता चालता बंद पडली तर काय तपासायचं, ते इथे सांगतो. आधी लक्षणं. ती नीट ओळखली तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

पहिला प्रकार: बोट जेटीवरून सुटते, २५-३० ॲम्पिअरवर निवांत चालते. मग वारा किंवा पाणी समोरून येतं, तुम्ही थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायचा दांडा) ८०-१०० ॲम्पिअरपर्यंत नेता आणि पाच-दहा सेकंदांत मोटर गप्प. मोटरचा डिस्प्ले काळा, केबिनमधले १२ व्होल्टचे दिवे मात्र चालू. चावी बंद करून अर्ध्या मिनिटाने फिरवली की मोटर जणू काही झालंच नाही अशी सुरू होते.

दुसरा: डिस्प्ले जिवंत असतो, पण मोटर आचके देते. थ्रॉटलच्या एका ठरावीक जागी ताकद जाते आणि जरा पुढे ढकलला की परत येते.

तिसरा: काहीच झटक्यात होत नाही. पंधरा-वीस मिनिटं जोरात चालवल्यावर ताकद हळूहळू कमी होत जाते. थ्रॉटल तिथेच, वेग मात्र घसरतो.

चौथा: मीटर बॅटरी ७० टक्के भरलेली दाखवतं आणि तरीही पहिल्या प्रकारासारखं सगळं बंद पडतं. याचा जोडीदार म्हणजे कडक उन्हातही दुपारी बाराच्या सुमारास सोलरचं चार्जिंग आपोआप थांबणं. हे दोन्ही एकाच बोटीवर दिसत असेल तर सरळ पाचव्या तपासणीवर गेलात तरी चालेल.

माझी बोट अल्बर्ग ३०. स्वीडनमध्ये जन्मलेल्या कार्ल अल्बर्ग यांनी १९६२ च्या सुमारास आखलेली आणि कॅनडात ओंटारिओतल्या व्हिटबी बोट वर्क्सने बांधलेली ही फायबरग्लासची शिडाची बोट. अशा सातशेच्या वर बोटी तयार झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच इथे अमेरिकेतल्या मेरीलंडला, चेसापीक उपसागरात अजून फिरतात. वजन सुमारे ४ टन, तळाशी सलग लांब कील, म्हणजे बोटीचा कणा. फायबरग्लासबद्दल फारसा अनुभव नसलेल्या त्या काळात हे लोक हल, म्हणजे बोटीचं कवच, इतका जाड ओतायचे की साठ वर्षांनीही तो टणटणीत आहे. पेट्रोलवर चालणारं ॲटॉमिक ४ इंजिन काढून मी तिथे ५ किलोवॅटची मोटर बसवली. सोबत ४८ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच, म्हणजे २८० ॲम्पिअर-तासाच्या १६ सेल, आणि कॉकपिटवरच्या छपरावर सोलर पॅनल. वर सांगितलेला पहिला प्रकार मी आतापर्यंत स्वतःच्या बोटीवर दोनदा आणि ओळखीच्यांच्या बोटींवर पाच-सहा वेळा निस्तरला आहे. मोटर खरोखर बिघडलेली एकदाही निघाली नाही.

माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली ती केंट नॅरोजमध्ये. चेस्टर नदी आणि ईस्टर्न बे यांना जोडणारी ही चिंचोळी वाट, पाण्याला जबर ओढ आणि वर ठरावीक वेळीच उघडणारा पूल. पूल उघडत होता, मागे तीन बोटी रांगेत होत्या आणि माझी मोटर गप्प. बायकोने नांगर टाकला म्हणून वाचलो. घाबरून मी दुसऱ्याच दिवशी नवा थ्रॉटल मागवला. पैसे गेले, दोष जागच्या जागी. म्हणून खालचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे लावला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढा. पूर्ण भरलेला संच ५८ व्होल्टपर्यंत जातो. कोरड्या हाताला त्याचा झटका सहसा बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण दोन टोकांवर पाना आडवा पडला तर हजारो ॲम्पिअर वाहतात आणि पाना तिथेच वितळून चिकटतो. पान्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, फक्त तोंड उघडं ठेवा.

१. वही (खर्च शून्य)

बंद पडलं त्या क्षणी किती ॲम्पिअर होते, किती व्होल्ट होते, किती वेळ चालली होती, कंट्रोलरचा दिवा कितीदा लुकलुकला, बीएमएसच्या ॲपमध्ये कोणती सूचना आली, हे सगळं लिहून ठेवा. कंट्रोलर मोटरला जाणारी वीज सांभाळतो, बीएमएस बॅटरीच्या सेल सांभाळतो; हे दोन वेगळे राखणदार आहेत. बीएमएसने दार लावलं तर डिस्प्लेसकट सगळं मरतं. कंट्रोलरने हात आखडला तर डिस्प्ले चालू राहतो आणि चूक सांगतो. कोणी बंद केलं हे कळलं की निम्मी बोट तपासायची गरज उरत नाही.

२. पंखा आणि शाफ्ट (खर्च शून्य, कंबर थोडी दुखेल)

प्रोपेलरला आमच्या अलिबागच्या नातेवाइकांकडे पंखाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. मोटरची चावी काढून खिशात ठेवा, मुख्य स्विच बंद करा आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो जड पण एकसारखा फिरायला हवा. एकाच जागी अडत असेल तर दोरी अडकली आहे किंवा अलाइनमेंट गेली आहे, म्हणजे मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. पूर्ण फेरी जड असेल तर बहुधा शाफ्टभोवतीचं पॅकिंग कोणीतरी गरजेपेक्षा आवळलं आहे. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडले पाहिजेत. थेंब पडू नयेत म्हणून नट आवळणाऱ्यांना पेट्रोल इंजिनाच्या ३० अश्वशक्तीत फरक जाणवत नव्हता. ५ किलोवॅटमध्ये जाणवतो.

इथल्या पाण्यात उन्हाळाभर निळ्या खेकड्यांचे पिंजरे टाकलेले असतात आणि त्यांच्या बोयांची दोरी पंख्यात जाणं ही नित्याची गोष्ट आहे. बार्नेकलही (चिकटून बसणारे कवचाचे जीव) जोमाने धरतात. पंखा स्वच्छ आहे की नाही हे पाण्यात न उतरता कळतं, त्यासाठी शांत पाण्यातल्या नोंदी हव्यात. माझ्या बोटीच्या अशा: ३ नॉटला १४ ॲम्पिअर, ४ नॉटला ३३, ५ नॉटला ७० च्या आसपास. वेग थोडा वाढवला की वीज कितीतरी पटींनी लागते, हे या आकड्यांतच दिसतं. ऑगस्टमध्ये ४ नॉटला ५० लागायला लागले तर बॅटरीला दोष देऊ नका, पंखा घासा.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. पंखा बघायला जेटीपाशी पाण्यात उतरू नका. शेजारच्या एखाद्या बोटीच्या १२० व्होल्टच्या जोडणीतून पाण्यात वीज गळत असेल तर स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. गोड्या आणि मचूळ पाण्यात हा धोका जास्त. काठीला कॅमेरा बांधून खाली सोडा, तेवढं पुरतं. जुलैनंतर तर इथे जेलीफिशच इतके असतात की पोहायचा मोह आपोआप आवरतो.

३. बॅटरी खरंच भरली आहे का?

लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. ३० टक्के आणि ७० टक्के यांत सेलमागे फरक इतका किरकोळ, की व्होल्टेजवरून अंदाज बांधणं व्यर्थ. म्हणून शंट, म्हणजे वाहणारी वीज मोजायची पट्टी, लावून आत किती ॲम्पिअर गेले आणि बाहेर किती आले याचा हिशेब ठेवतात. पण हा हिशेब म्हणजे वाण्याची उधारीची वही. रोज थोडी चूक राहते आणि पूर्ण भरल्यावरच ती शून्यावर येते. सोलरवर चालणाऱ्या बोटी आठवडेच्या आठवडे पूर्ण भरतच नाहीत. बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली एका पॅनलच्या कडेवर पडली तरी त्याचा एक तृतीयांश भाग बाद होतो, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. मग मीटर ७० म्हणतं आणि खरे असतात ४०.

उपाय: जेटीवरच्या विजेवर रात्रभर चार्जर लावा, संच पूर्ण भरू द्या, मीटर १०० वर आणा, मग पुन्हा चालवून बघा. दोष गेला तर तुमची अडचण सोलरची आहे. बोट उभी असताना बूम बाजूला ओढून बांधा आणि शक्य तर प्रत्येक पॅनलला स्वतंत्र एमपीपीटी (सोलरचं चार्जिंग सांभाळणारा नियंत्रक) द्या. मार्चमधल्या थंड सकाळी चार्जिंगच होत नसेल तर तो बिघाड नव्हे. शून्य अंशाखाली या सेल चार्ज केल्या तर कायमच्या खराब होतात, म्हणून बीएमएस मुद्दाम थांबवतो. त्याला गंडवायला जाऊ नका.

४. थ्रॉटल, उष्णता, ओल

हे भराभर. आचके येत असतील तर थ्रॉटलच्या डबीत ओल शिरली आहे. मीटर ओहमवर लावा, दांडा सावकाश फिरवा. आकडा सलग चढला पाहिजे, मध्येच उडी मारली तर डबी बदला. दोष या प्रकारचा असेल तरच बदला, माझ्यासारखं नको.

ताकद हळूहळू जात असेल तर कंट्रोलर तापतो आहे. पेट्रोल इंजिन स्वतःच हवा ओढायचं, मोटर ओढत नाही आणि इंजिनची जुनी खोली इथल्या जुलैत भट्टी होते. रूपांतर करताना बहुतेक जण पेट्रोलची वाफ काढणारा जुना ब्लोअर उखडून फेकतात. ठेवा तो. माझ्याकडे तोच आता कंट्रोलरवर वारा घालतो. मोटर पाण्याने थंड होणारी असेल तर गाळणीत जेलीफिश अडकलेत का ते बघा.

सोलरच्या वायरी डेकमधून जिथे खाली येतात तिथे पाणी वायरीवरून ओघळत थेट कनेक्टरपर्यंत पोहोचतं. कनेक्टरच्या आधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल.

५. सांधे (एक मल्टीमीटर, एक मदतनीस, दोन तास)

खरा चोर नव्वद टक्के वेळा इथे सापडतो आणि लोक नेमकी हीच तपासणी चुकीची करतात. बोट उभी असताना मीटर लावतात, ५३ व्होल्ट दिसतात, ‘बॅटरी उत्तम’ म्हणून शिक्का मारतात. वीज वाहतच नसेल तर सर्वांत गंजलेला सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दोष भाराखाली येतो, म्हणून मोजमापही भाराखालीच हवं.

बोट जेटीला दुहेरी दोरांनी पुढेमागे बांधा. खुंट मजबूत आहेत ना ते बघा, पंख्याजवळ पाण्यात कोणी नाही याची खात्री करा. मदतनीस थ्रॉटलवर. त्याने पुढच्या दिशेने ८० ॲम्पिअरवर धरून ठेवायचं, अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. तुम्ही मीटर डीसी मिलिव्होल्टवर घेऊन खाली.

एक टोक बॅटरीच्या खांबावर टेकवा. लगवर नाही, खांबावर. लग म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेली कडी, आपल्याकडचे वायरमन ज्याला थिंबल म्हणतात तीच. दुसरं टोक कंट्रोलरच्या बोल्टवर. धन बाजू मोजा, मग ऋण बाजूही तशीच मोजा. ऋण बाजू सगळे विसरतात आणि गंज काही धन-ऋण बघून येत नाही. ७० चौरस मिलिमीटरची चांगली केबल, फ्यूज, स्विच, कॉन्टॅक्टर (विजेने उघड-बंद होणारा मोठा स्विच) आणि शंट धरून दोन्ही बाजूंची बेरीज माझ्याकडे ८० ॲम्पिअरला पाव व्होल्टच्या आसपास येते. अर्ध्या व्होल्टच्या वर गेली तर शोध सुरू करा: एकेक तुकडा, एकेक सांधा, दोन्ही बाजूंनी टोकं टेकवत. चांगल्या सांध्यावर चार-पाच मिलिव्होल्ट दिसतात. माझा चोर होता मुख्य स्विचच्या मागचा लग, तिथे ४२० मिलिव्होल्ट. म्हणजे सुमारे ५ मिलिओहम रोध आणि ३४ वॉट उष्णता, एका बोल्टवर. छोटी सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॉटची असते. सांधा तापतो, पसरतो, सुटतो. थंड झाला की पुन्हा बसतो. अर्ध्या मिनिटाने मोटर ‘आपोआप’ सुरू व्हायची ती यामुळे.

आता त्याहून फसवा प्रकार. सेल एकमेकींना जोडणाऱ्या पट्ट्या, बसबार. सेलचे खांब ॲल्युमिनियमचे असतात आणि ॲल्युमिनियमवर हवा लागताच पातळ, वीज अडवणारा थर धरतो. समजा एका बसबारखाली ५ मिलिओहम रोध तयार झाला. १०० ॲम्पिअरला तिथे अर्धा व्होल्ट पडतो. बीएमएसची बारीक वायर बसबारवर बसवलेली असेल तर त्याला हा अर्धा व्होल्ट सेलचाच वाटतो. ३.२ ची सेल त्याला २.७ दिसते, तो घाबरतो आणि दार लावतो. चार्जिंगच्या वेळी उलटं होतं. वीज आत येत असल्याने तीच सेल खरीपेक्षा जास्त भरलेली दिसते, बीएमएस चार्जिंग तोडतो, संच कधीच पूर्ण भरत नाही, मीटरची उधारी वाढत जाते. चौथं लक्षण आठवा.

एका स्नेह्यांना बोट तपासणाऱ्याने सांगितलं होतं की सात नंबरची सेल गेली, सोळाच्या सोळा बदला. मी मीटरचं एक टोक सेलच्या उघड्या खांबावर आणि दुसरं त्यावरच्या बसबारवर टेकवलं आणि थ्रॉटल वाढवायला सांगितलं. ३०० मिलिव्होल्ट. सेल ठणठणीत होती, वरचा नट ढिला होता. हीच परीक्षा तुम्हीही करा. ॲपमध्ये एकच सेल भाराखाली सगळ्यांत खाली आणि चार्जिंगला सगळ्यांत वर दिसली, तर सेलकडे बघण्याआधी तिच्या डोक्यावरच्या नटाकडे बघा.

दुरुस्ती सोपी, पण घाईची नाही. मुख्य स्विच बंद, फ्यूज काढलेला. एका वेळी एकच बसबार उघडा. बारीक सँडपेपरने दोन्ही पृष्ठभाग चमकेपर्यंत घासा, अल्कोहोलने पुसा, ऑक्सिडेशन रोखणाऱ्या पेस्टचा अगदी पातळ हात द्या आणि सेल बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कनेच आवळा. अंदाजाने आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग खरोखरच सेल बदलावी लागते. केबलचा लग हिरवा पडला असेल तर तो कापून नवा, कथिलाचा मुलामा असलेला लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा, वर गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. हातोडीने ठोकलेला लग वर्षभर टिकत नाही. क्रिम्परची किंमत पाहून माझाही हात थबकला होता, पण इथल्या बऱ्याच मरीनांत कोणाकडे तरी उसना मिळतो.

सगळं आवळल्यावर तीच चाचणी पुन्हा करा आणि आकडे वहीत लिहा. मी हे हंगामात दोनदा करतो. इथलं, मेरीलंडमधल्या ॲनापोलिसचं पाणी अरबी समुद्राच्या मानाने बरंच मचूळ आहे, मुंबई-गोव्याला बोट ठेवणाऱ्यांनी महिन्याला एकदा करावं.

इथे थांबा

सांधे साफ केल्यावरही, मीटर थेट खांबांवर टेकवूनही एक सेल भाराखाली बाकीच्यांपेक्षा खूप खाली जात असेल, तर ती सेल खरंच दमली आहे. संच उघडून सेल बदलणं आणि पुन्हा समतोल करणं हे पहिल्यांदा एकट्याने करायचं काम नाही.

सेल फुगलेली असेल, सॉल्व्हंटसारखा गोडसर वास येत असेल, खांबाभोवतीचं प्लॅस्टिक वितळलं असेल किंवा संच खाऱ्या पाण्यात बुडाला असेल, तर कशालाही हात न लावता बोटीतून उतरा आणि मग फोन करा.

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालू नका. बीएमएसला वळसा घालून ‘फक्त घरी पोहोचेपर्यंत’ मोटर जोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका; शिडं आहेत, ती उभारा. जेटीवरून येणारी १२० व्होल्टची बाजू, चार्जर आणि अर्थिंग यांना मी स्वतःही हात लावत नाही. शाफ्ट वाकला असेल किंवा अलाइनमेंट गेली असेल तर बोट पाण्याबाहेर काढणाऱ्या यार्डचं ते काम आहे.

बोलवायचा तो मरीन इलेक्ट्रिशियन, घराचा नाही. अमेरिकेत त्याच्याकडे एबीवायसीचं (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) प्रमाणपत्र आहे का ते विचारा. या संस्थेचं मुख्यालय ॲनापोलिसलाच आहे, आणि लिथियम बॅटरीसाठी ई-१३ व विजेच्या मोटरसाठी ई-३० ही तिची मानकं आहेत. ही दोन्ही त्याने वाचली नसतील तर दुसरा शोधा. तो आला की आधी वही त्याच्यापुढे ठेवा: कुठल्या सांध्यावर किती मिलिव्होल्ट, किती ॲम्पिअरला, कोणत्या तारखेला. इथे मरीन इलेक्ट्रिशियन तासावर पैसे घेतात आणि पहिला तास हेच मोजण्यात जातो.